तिला चर्चमध्ये परत आणण्याआधी

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न मला असा समजला. तालुक्याच्या गावातली तुमची मराठी मंडळी, पन्नास-साठ घरांची. पाळकसाहेबांकडे आणखी तीन गावं, त्यामुळे तुमच्या वाट्याला ते महिन्यातून दोनच रविवार येतात. तुम्ही शाळेत शिकवता आणि यंदा मंडळीच्या कमिटीवर पंच आहात. एका बहिणीचा नवरा चार महिन्यांपूर्वी लिव्हर खराब होऊन वारला, पिणं होतं. दफनाच्या वेळी बाहेरून आलेल्या उपदेशकांनी सगळा वेळ दारूवरच घेतला. त्यानंतर ती चर्चची पायरी चढलेली नाही. दोन मुलं, मोठा दहावीत. परवा बाजारात भेटली तेव्हा ती तुम्हाला म्हणाली, ‘त्यांच्यामागोमाग मीपण गेले असते तर सुटले असते.’ कमिटीत कुणी म्हणतं उपास-प्रार्थना ठेवू, कुणी म्हणतं हिचा विश्वासच कमी पडला. थकलेल्या वर्गणीचाही एक प्रश्न तुम्ही शेवटी हळूच विचारला आहे. तिला परत कसं आणायचं, हे तुम्हाला हवं आहे.

मी निवृत्त पाळक. उमेदीची वर्षं नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि पुढे पुण्यातल्या मराठी मंडळ्यांत गेली. मला वाटतं तुमचा प्रश्न थोडा उलटा फिरवावा लागेल. ती चर्चला येत नाही ही अडचण चर्चची आहे. तिची अडचण निराळी आहे: नवरा गेला, त्याच्या मातीवर उभं राहून चारचौघांत त्याची लाज काढली गेली आणि मग सगळे आपापल्या घरी गेले. चार महिन्यांत तिच्या घरी कोण कोण गेलं, याचा तुमच्या पत्रात एकही शब्द नाही. म्हणून आधी मंडळीनं तिच्याकडे जायचं. ती येईल न येईल, ते नंतर पाहू.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. सासर-माहेर जवळ आहे का, त्यांच्याशी बोलणं आहे का, घरात पैसा कुठून येतो, नवऱ्याच्या नावावर काय आहे, कर्ज किती. तुमची मंडळी कुठल्या पंथाची आहे त्यावर घरी प्रभुभोजन देणं, कमिटीचे अधिकार, निधीचे नियम हे सगळं बदलतं. पण एक गोष्ट कशावरही अवलंबून नाही, आणि ती उद्यावर टाकायची नाही.

ते बाजारातलं वाक्य. नवरा गेलेली बाई असं बोलतेच, म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा ते नुसतं थकलेपण असतं. पण कधी नसतं, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. म्हणून विचारायचं, आणि सरळ विचारायचं: ‘त्या दिवशी तुम्ही असं म्हणालात. जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, ते ठरवलंय का?’ पुष्कळ पंचांना वाटतं की विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरेल. तसं होत नाही. मनोविकारतज्ज्ञ हेच सांगतात आणि माझाही अनुभव तोच. उलट कुणीतरी न घाबरता विचारलं, यानंच पुष्कळदा बाईचा बांध फुटतो आणि ती बोलायला लागते. ‘हो, कधी कधी येतं’ असं म्हणाली तर घरात फवारणीचं औषध आहे का, नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या आहेत का, ते विचारा आणि त्याच दिवशी ते घराबाहेर काढा. शेतीच्या गावात हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण डबा हाताशी नसला की ती घटका निघून जाते. मग जिल्हा रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ, आणि तुम्ही सोबत जायचं. तोवर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक तिच्या आणि मोठ्या मुलाच्याही फोनमध्ये घालून द्या. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. तिनं ठरवून ठेवलंय असं वाटलं तर त्या रात्री तिला एकटं ठेवायचं नाही. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन आधीच देऊन बसू नका. ‘गावात बोलणार नाही, पण तुमच्या जिवाचा प्रश्न आला तर डॉक्टरांना सांगेन’ एवढंच द्या.

कमिटीत कुणी ‘पोलीस केस होईल’ म्हणून अडवलं तर त्यांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत घेतलेलंच नाही. दवाखान्यात जायला भ्यायचं काही कारण नाही.

उपास-प्रार्थनेला माझा विरोध नाही, पण ती या सगळ्याच्या जागी नको. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवानं काय केलं ते १ राजे १९ मध्ये पाहा. आधी झोप. मग भाकर आणि पाणी. परत झोप, परत भाकर. ‘तू इथे काय करतोस’ हा प्रश्न फार पुढे, डोंगरावर गेल्यावर आला. आमचे लोक थेट डोंगरावरून सुरुवात करतात.

आता घरभेट. आठ-दहा जण पेटी-तबला घेऊन जाऊ नका. ती चहा करत बसेल, शेजारीपाजारी दारात येतील आणि ती तुम्हालाच सांभाळत राहील. दोघी जा. तुम्ही आणि तिच्याहून वयानं मोठी, शक्यतो स्वतः हे दिवस काढलेली एखादी विधवा बहीण. अशी बाई प्रत्येक मंडळीत असते आणि तिला कुणी कधी काही विचारत नाही. पाळकसाहेब किंवा पुरुष पंच एकटे जाऊ नयेत. गावाला बोलायला कारण लागत नाही आणि त्रास तिला होतो. जाण्याआधी वेळ तिला विचारा. बायबल पिशवीत असू द्या, पण बसल्या बसल्या काढू नका.

अशाच एका घरची भेट सांगतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. तिथलाही नवरा पिण्यानंच गेला होता. मी आणि आमच्या पाळकीणबाई गेलो तेव्हा ती बाई ओट्याजवळ खाली बसून तांदूळ निवडत होती. पाळकीणबाई तिच्यासमोर बसल्या आणि त्याच ताटातले खडे वेचायला लागल्या. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मी त्याचं नाव घेऊन विचारलं, त्यांना काय आवडायचं? बाईनं मान वर केली. तोवर तिच्यासमोर त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं; सगळे ‘झालं ते झालं’ एवढंच म्हणत होते. ती म्हणाली, ‘रात्री काहीही होवो, सकाळचा चहा तेच करायचे. मला कधी उठवलं नाही.’ मग रडली. आणि मग जो प्रश्न तिला महिनोन् महिने खात होता तो बाहेर आला: ‘पाळकसाहेब, ते कुठे असतील आता?’

ताई, हा प्रश्न तुमच्या बहिणीकडूनही येणार आहे. दफनाच्या वेळी जे बोललं गेलं त्याचा तिला लागलेला अर्थ तोच आहे. तुम्ही पाळक नाही म्हणून गडबडून जाऊ नका. मी त्या बाईला म्हणालो, न्याय करणं माझ्याकडे नाही, आणि त्या दिवशी कबरेपाशी जे बोलले त्यांच्याकडेही नाही. येशूच्या शेजारच्या वधस्तंभावर जो गुन्हेगार होता त्याच्याकडे दाखवायला चांगलं आयुष्य नव्हतं, फक्त एक विनवणी होती, आणि तेवढी पुरली. तुमच्या नवऱ्यानं शेवटच्या रात्री देवाला काय म्हटलं ते तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. आपण त्यांना पुनरुत्थानाच्या आशेनं मातीत ठेवलंय. याहून जास्त सांगण्याचा मला अधिकार नाही आणि याहून कमी सांगण्याचंही कारण नाही. ‘ते नक्की स्वर्गात आहेत’ असं घाईनं सांगून मोकळं व्हावंसं वाटतं, पण समोरच्याला आपली घाई कळते.

काय बोलू नये ते थोडक्यात. ‘देवाची इच्छा’ नको. ‘सुटलीस बाई एकदाची’ तर मुळीच नको. ज्याच्या पिण्याचा जाच होता त्याच्यासाठीही माणूस रडतं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा स्वतःलाच दोष देतं. मुलांसमोर रडू नको, असं सांगू नका. विश्वास कमी पडला म्हणणाऱ्या पंचांना योहानाचा नववा अध्याय वाचायला सांगा. जन्मांधाबद्दल शिष्यांनी नेमकं हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, आणि येशूनं त्या चौकशीत शिरायलाच नकार दिला. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस-रात्री गप्प जमिनीवर बसले तोवर बरे होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. स्तोत्रसंहितेत ८८ वं स्तोत्र आहे, ते अंधारातच संपतं, शेवटी धन्यवाद नाही की काही नाही. देवाच्या पुस्तकात अशा प्रार्थनेला जागा आहे, तर आपल्या उपासनेतही तिला जागा हवी. तिनं वाचायला काही मागितलं तर मी ते देईन.

आणखी एक, जे मला फार छळतं. ‘प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते हं’ असं म्हणत आपल्याकडे जेवढी चहाडी होते तेवढी पाणवठ्यावरही होत नसेल. तिचं नाव, ते बाजारातलं वाक्य, दवाखाना, यातलं काहीही मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये. भगिनी मंडळात प्रार्थना करायची तर ‘दुःखात असलेल्या घरांसाठी’ म्हणा. देवाला पत्ता ठाऊक आहे.

दफनाच्या उपदेशाचं काय करायचं? तो विषय टाळून पुढे जाता येणार नाही. ते उपदेशक येणार नाहीत, धरून चला. पण ते तुमच्या मंडळीच्या वतीनं उभे होते. पाळकसाहेबांनी एका पंचाला सोबत घेऊन तिच्या घरी जावं आणि सांगावं, त्या दिवशी जे झालं ते बरं झालं नाही, आम्ही तिथे उभे होतो आणि गप्प राहिलो, आम्हाला क्षमा करा. बस. उपदेशकांचा हेतू चांगला होता, तरुणांना इशारा मिळावा असं वाटलं, ही शेपूट जोडू नये. दारूवर बोलायचं तर तरुण संघात बोला, आणि जो आज पितोय त्याला उपदेशाआधी डॉक्टरकडे न्या. फार दिवस रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ‘प्रार्थनेत सोडवली’ म्हणून घरी कोंडून ठेवणं मी पाहिलंय आणि ते धोक्याचं आहे. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा पुष्कळ ठिकाणी चर्चच्या खोल्यांतही भरतात. तुमच्या चर्चचा एखादा वर्ग त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ देता आला तर पाहा.

आता कागदपत्रं. पाळकीय काळजीत हे कुठून आलं, असं कुणी विचारलं तर त्यांना पंडिता रमाबाई आठवून द्या. स्वतः १८८२ मध्ये विधवा झालेल्या त्या बाईनं केडगावात दुष्काळातल्या विधवा आणि मुली आणल्या. तिथे प्रार्थना होतीच, पण माग होते, छापखाना होता, शेती होती. प्रेषितांची कृत्ये सहाव्या अध्यायातही तेच: काही विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, म्हणून त्या कामावर सात माणसं नेमली गेली. दुर्लक्ष झालं हे लपवलं नाही, आणि प्रेषितांनी ते ओझं एकट्यांवर घेतलं नाही.

तर तिच्या घरी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ती पिशवी मागा, जिच्यात नवऱ्याचे सगळे कागद कोंबलेले असतात. आधी बँकेचं पासबुक बघा. दरवर्षी ४३६ रुपये कापले गेलेले दिसले तर तो जीवन ज्योती विमा आहे, आणि वारसाला दोन लाख मिळू शकतात. कापले गेलेत हे पुष्कळ घरांत कुणाला माहीतच नसतं. लवकर अर्ज करायला हवा होता, तरी उशीर झाला म्हणून न विचारता बसू नका. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजना आणि राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना यांची चौकशी करा. दोन्हींना उत्पन्नाच्या अटी आहेत. मुलांसाठी महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे, ती एकल पालकाच्या मुलांनाही लागू होते. तुम्ही शिक्षिका आहात, अर्ज भरणं तुमच्या हातचं काम. तिला नुसतं ‘जाऊन ये’ म्हणू नका, पहिल्या खेपेला सोबत जा.

आणि सासरचे जमिनीबद्दल काही बोलत असतील तर हे लक्षात ठेवा. ख्रिस्ती माणसाचा वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ठरतो. इच्छापत्र नसेल आणि मुलं असतील तर त्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश विधवेचा आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांचे. मुलं असताना सासू-सासरे, दीर यांचा त्यात वाटा नाही. गावात सगळे आपापल्या ऐकीव माहितीवर सांगतात आणि बाई अंगठा देऊन मोकळी होते. वडिलोपार्जित, न वाटलेली जमीन असेल तर गुंता वेगळा, तिथे वकील लागेल. पण कुठल्याही कागदावर सही करण्याआधी थांब, एवढं तिला आजच सांगा.

पैशाची मदत निधीतून करा, दोन पंचांच्या सहीनं, पाकिटात घालून. उपासनेत जाहीर करायची नाही, फोटो तर नकोच. वैयक्तिक उसनं देऊ नका. उसनं दिलं की पुढच्या भेटीत ती तुमच्याशी मोकळी बोलत नाही.

मोठा मुलगा. त्याच्याशी कुणी बोललंय का? बापाच्या मातीला सगळ्या काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘आता तूच घरातला कर्ता’ म्हटलं असणार. दहावीतलं पोर आहे ते. तरुण संघातला एखादा शांत मुलगा, जो क्रिकेट खेळतो आणि उपदेश करत नाही, त्याला याच्यामागे लावा. शाळेत तुम्हाला तो दिसत असेल तर डबा खातो का, वर्गात झोपतो का, एवढं पाहत राहा. धाकट्यालाही विसरू नका. लहान म्हणून त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं आणि तो मनानंच काहीतरी रचून बसलेला असतो.

किती दिवस जायचं? पहिले दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा, मग पंधरवड्यातून, असं वर्षभर तरी. दुःखाच्या घरी पहिल्या आठवड्यात बसायला जागा नसते आणि तिसऱ्या महिन्यानंतर कुणी फिरकत नाही. एका वहीत तारखा लिहा: त्याचा वाढदिवस, त्यांच्या लग्नाचा दिवस, पहिला नाताळ, वर्षाची स्मरणार्थ प्रार्थना. नाताळात दारावर तारा लावायचा की नाही हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नाही. पंधरा तारखेच्या सुमारास कुणीतरी जाऊन विचारायला हवं, आणि ‘यंदा नको’ म्हणाली तर नको.

तुमच्याबद्दलही. ‘रात्री झोप लागत नाही, तिचंच डोक्यात येतं’ असं तुम्ही लिहिलंय. म्हणूनच दोघी जा म्हणालो. परतताना वाटेत दोघींनी बोलून घ्यायचं, आणि महिन्यातून एकदा पाळकसाहेबांना सगळं सांगायचं, फोनवर का होईना. फोन चोवीस तास उघडा ठेवायचं वचन तिला देऊ नका. कुठल्या वेळी तुम्ही, कुठल्या वेळी ती दुसरी बहीण, ते ठरवून सांगा. तुमच्या घरच्यांचाही तुमच्यावर हक्क आहे.

ती चर्चला येईल तेव्हा बहुधा उशिरा येईल, मागच्या बाकावर बसेल, आशीर्वादाआधी उठून जाईल. जाऊ द्या. पुलपिटावरून तिचं नाव घेऊन स्वागत करू नका, टाळ्या तर नकोतच. लक्ष्मीबाई टिळकांचा बाप्तिस्मा त्यांचे पती नारायण वामन टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी झाला. आपल्या मराठी मंडळीला बाईमाणसाच्या मनाला वेळ लागतो हे नवीन नाही.

राहिली वर्गणी. दोन वर्षांची थकलीय आणि ती भरल्याशिवाय मोठ्याचं दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याचा विधी, करू नये, असं कमिटीतल्या एकाचं म्हणणं आहे, असं तुम्ही लिहिता. दृढीकरण मुलाच्या विश्वासाचं असतं, आईच्या पावतीचं नाही. पुढच्या बैठकीत ठराव मांडा: ज्या घरात गेल्या वर्षभरात मृत्यू झाला त्या घराची मागची वर्गणी माफ. कुणाचं नाव नको. असं घर तुमच्या यादीत एकापेक्षा जास्त निघेल, त्यामुळे ठराव तिच्यासाठी आहे असं कुणाला वाटणारही नाही. सूचक तुम्ही व्हा, अनुमोदक आधीच बघून ठेवा, आणि इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय बैठकीतून उठू नका.